लाल धागे

जुन्नरच्या त्या म्हाताऱ्या कागद्याला पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास पुण्याच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शक घेऊन मी त्याच्या अंगणात गेलो होतो. त्याचा हातकागद सरकारी दप्तरासाठी घ्यायचा की नाही, हे माझ्या तपासणीवर ठरणार होतं. तो उठायचा, भिंतीवर वाळत लावलेला ताव चाचपायचा, परत यायचा. बोलतानाही हात हलायचे, लगद्याच्या हौदातून चाळण उचलल्यासारखे.

कागदाच्या चिमूटभर तंतूंवर मी रसायनाचा थेंब टाकला. त्यानं लाकडाचा अंश असेल तेवढाच लाल होतो, आणि लाकडाचा कागद लवकर पिवळा पडतो. निव्वळ चिंध्यांचा म्हणून दाखवलेल्या त्या कागदात जागोजागी लाल धागे उमटले. त्याच्याच एका कोऱ्या तावावर तांबड्या पेन्सिलीनं मी ते चित्र काढलं आणि त्याला भिंगातून पाहायला लावलं.

तो बराच वेळ वाकून राहिला. तेवढं एकदाच त्याचे हात थांबले.

"वर्तमानपत्राची रद्दी हाय ती," तो म्हणाला. "चिंध्या मिळंनात, साहेब. लगदा जिभंला लावला तवाच मला कळलं व्हतं. पर तुमाला दिसायचं न्हाई, असं वाटलं."

अहवालात मी खरं तेच लिहिलं. चित्राचा ताव माझ्यापाशीच राहिला. आता पार पिवळा पडलाय. कधीमधी काढतो, उजेडात धरतो, ओठांपर्यंत नेतो आणि परत ठेवून देतो. त्याच्यासारखं जीभ लावून पाहायचं धाडस अजून झालेलं नाही; मला काही कळलंच नाही तर?