गळकी कुंडी

आभाळ सकाळपासून फुगून बसलेलं. ना पाऊस, ना ऊन, ना वारा. अशा दिवशी कच्ची कुंडी रुसलेल्या पोरासारखी असते, वाळता वाळत नाही. टिचकीमावशी शेडच्या दारात उकिडवी बसून भट्टीतून निघालेली भांडी तपासत होती. टिचकी मारायची, कान लावायचा. खणखणीत वाजलं की ठेवायचं, बद्द वाजलं की फोडायचं. यावरूनच तिचं नाव पडलेलं. नवरा गेल्यावर चाक तिनंच फिरवलं, आणि इतक्या वर्षांत तिचं एकही भांडं गळतं म्हणून परत आलं नव्हतं.

त्या दिवशी एक आलं, पण गळत नव्हतं म्हणून.

समोरच्या गल्लीतली दातांची डॉक्टरीण पिशवी सांभाळत आली. "मावशी, हे तिसरं. दोन गेली, आता हेही चाललंय."

आत मावशीच्याच कुंडीत लावलेलं ऑर्किड होतं. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. दवाखाना उघडला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या आईनं दिलेली तीन झाडं. आई आता नाही, आणि झाडांतलं एवढंच उरलेलं.

"पाणी जास्त घालत असाल."

"आठवड्याला एक पेला! उद्या प्लास्टिकची जाळीदार कुंडी आणते. राग मानू नका."

राग? मावशीच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. तिनं झाड उपटलं. मुळं काळी, लिबलिबीत, वर कुजका वास. मग कुंडी उलटी केली आणि बुडावरून अंगठा फिरवला. पाणी जायला वाटच नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या खिडकीत डाग पडू नयेत म्हणून तिनं खालची ताटली कुंडीला जोडूनच घडवली होती आणि आतून काचेसारखा लेप दिला होता. केवढी मिरवली होती ती कारागिरी! पेलाभर पाणी तळाशी जे बसलं, ते बसलंच.

"बाई, झाड तुमच्या पाण्यानं नाही, माझ्या शहाणपणानं बुडालं," ती म्हणाली. "हे झाडावर चढून राहणारं झाड. त्याच्या मुळांना वारा लागतो. चार दिवस द्या, भोकांची कुंडी करून देते. तोवर सडकी मुळं कापा आणि झाड नुसतं सालीच्या तुकड्यांवर ठेवा."

"मुळं काढणं माझंच काम," डॉक्टरीणबाई कितीतरी वेळानं हसल्या.

भट्टी सांभाळणारा दीर हे ऐकत होता. "वहिनी, भोकं पाडायला कुंभार कशाला? उंदीर पुरतील की!"

"मग तू लाग कामाला," मावशी म्हणाली.

पहिली कुंडी तिनं चाकावरून उतरवल्या उतरवल्या कापली. ओली माती जागीच मटकन बसली. दुसरी पार वाळू दिली, मग भोकं पाडली. भट्टीत या भोकापासून त्या भोकापर्यंत तडा. दिरानं खापरं उचलून तिच्यासमोर ओळीनं मांडली. ते टोमण्याहून जास्त लागलं.

तिसरीला मात्र त्या रुसक्या हवेनंच हात दिला. वारा नव्हता, म्हणून माती सगळीकडून सारखी आवळत गेली. नख रुतेल पण चिकटणार नाही, एवढी झाली तशी मावशीनं सुरी पाण्यात बुडवून बाजूला उभ्या फटी कापल्या. प्रत्येक कडा ओल्या बोटानं गुळगुळीत केली. मुळाला ओरखडा नको. आतून लेप नाही. तळाला मोठं भोक, खाली तीन पाय, म्हणजे बुडाखालूनही हवा खेळेल.

भाजून निघाल्यावर सवयीनं टिचकी मारली. बद्द!

हात फोडायला उचललाच होता. कान सांगत होता फोड. मग तिनं तांब्याभर पाणी ओतलं. ते फटींतून, बुडातून घळाघळा वाहून गेलं, थेंब थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा गळणारं भांडं बघून मावशी हसली. "बद्द तर बद्द," म्हणाली, आणि कुंडी दवाखान्यात नेऊन झाड सालीसकट त्यात बसवलं.

दोन महिने पान हललं नाही. मावशी रोज कामाला येताना दवाखान्याच्या खिडकीकडे बघायची आणि मान खाली घालून पुढे जायची. मग एका सकाळी डॉक्टरीणबाई रस्ता ओलांडून धावत आल्या, हातमोजे तसेच. "मावशी, चला! फटीतून बाहेर आलंय!"

चांदीसारखं मूळ, टोकाला हिरवंगार.

पुढच्या थंडीत दांडा आला आणि सात फुलं लागली. गाल धरून आलेले लोकही खिडकीपाशी तोंड उघडं टाकून उभे राहू लागले. "कुंडी कुणाची?" विचारलं की डॉक्टरीणबाई शेडकडे बोट दाखवायच्या. एकामागून एक माणसं तसल्याच कुंड्या मागायला आली.

दारात उभा राहून दीरच ओरडत होता, "गळकी, एकदम गळकी! आमच्या वहिनीच्या हातची! थेंब थांबला तर परत आणा!"

"आता उंदीर कुठं गेले रे तुझे?" मावशीनं आतून विचारलं.

"पळाले, वहिनी. तुझ्यापुढे टिकतात होय?"

मावशीनं मनगटानं डोळे पुसले. बोटं मातीनं भरलेली होती. मग मातीचा नवा गोळा पुढ्यात ओढला आणि त्यातले खडे वेचू लागली.