उतरणीचं जेट

मुरुडच्या पंचाक्षरी मिस्त्रीनं तीस वर्षं कार्बोरेटर जुळवले, पण बालाघाटापलीकडचा डोंगर काही पाहिला नव्हता. म्हणून लातूरच्या कॉलेजातले श्रीनाथ सर जुनी बुलेट घेऊन आले अन् म्हणाले, "लडाखला चाललोय मिस्त्री, तूही चल, मागून जीप आहेच," तेव्हा गडी हरखून गेला. बायकोनं, अंबिकानं, स्वेटर विणला. गावभर बोभाटा झाला.

"वर हवा लई पातळ असती सर," तो हौसेनं सांगू लागला. "हवा कमी अन् पेट्रोल तेवढंच, मंग गाडी काळा धूर ओकती, चढतच न्हाई. मनालीत कार्बोरेटरमधी हे बारीक भोकाचं जेट, म्हंजी पेट्रोलची तोटी, घालायचं, पेट्रोल बेतानं येतं." दोन दिवस बसून त्यानं सरांना जेट बदलायला शिकवलं. सर हुशारच, शिकले की!

निघायच्या दिवशी हा बाबा ऐन उन्हात स्वेटर घालून स्टँडवर बसला. जीप काही येईना, मग अकराला सरांना फोन लावला.

"अरे, आम्ही बीडच्या पुढं आलो. जीपमध्ये जागाच उरली नाही. अन् जेट आता मला येतंच ना!" मागून कुणीतरी खिदळलं, "त्या ग्रीसच्या वासात झोपणार कोण?"

स्टँडवर लोक फिदीफिदी हसले. पंचाक्षरी मान खाली घालून घरी आला.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. आपण सोबत असूच म्हणून राहिली. खाली दाट हवेत आलं की मोठं जेट परत घालावं लागतं. नाहीतर पेट्रोल अपुरं पडतं, इंजिन भट्टीसारखं तापतं, पिस्टन जाम होतो अन् पळत्या गाडीचं चाक जागीच अडकतं.

पंधरा दिवसांनी मनालीहून सरांचा फोन आला. "तुझं जेट भारी निघालं रे! आता उतरतोय. काही करायचं का?"

पंचाक्षरीनं खुंटीवरच्या स्वेटरकडं बघितलं. "काय न्हाई सर. या तसंच."

मग सरांची बायको मालविका बोलली. "मिस्त्रीकाका, त्या दिवशी फार वाईट वागलो आम्ही. मला लाज वाटते."

"असू द्या, मॅडम."

अंबिकाला कळलं तशी ती कडाडली, "त्या बाईचा काय गुन्हा हो? लावा फोन!"

"लावतो," म्हणाला. तीन दिवस फोन खिशात होता मेल्याच्या!

तिसऱ्या दुपारी ग्वाल्हेरपुढं सपाट रस्त्यावर चाक अडकलं. सरांचा हात मोडला. मागं बसलेली मालविका ट्रकखाली गेली.

महिन्यानं सर गाडी टेम्पोत घालून आले. "माझं काय चुकलं, एवढंच बघ."

पंचाक्षरीनं कार्बोरेटर खोलला, बारीक जेट काढून मुठीत घेतलं.

"तुमचं काय बी चुकलं न्हाई सर. इंजिनच जुनं होतं."

सरांनी त्याची तीच मूठ दोन्ही हातांत धरली अन् ओक्साबोक्शी रडले.