व्याह्याच्या मांडवात

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा मी एस.टी.तून निवृत्त होऊन तीनेक वर्षं झाली होती. सारी नोकरी भामरागडच्या रस्त्यावर गेली. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी तशीच उभी. आत बायाबापड्या रडायच्या, आणि मी स्टेअरिंगवर हात ठेवून बिडी ओढत बसायचो. डिपोत मला 'दगड' म्हणत. त्या नावाचा मला अभिमान होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून दोन्ही वृषणं काढावी लागतील. जीव वाचत होता. मी मान हलवली. पण चंद्रपूरला परतल्यावर घरीदारी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. खरं फक्त बायकोला ठाऊक होतं. मुलांनाही नाही.

पंधरवड्यात अंगातून वाफा निघायला लागल्या. भर थंडीत बनियन ओलं व्हायचं. बायको पदरानं वारा घालत म्हणाली, "मलेबी असंच होत होतं, पाळी गेली तवा." मला ते ऐकवेना. मी भिंतीकडे तोंड केलं. मग रडू यायला लागलं. पातेल्यातलं दूध उतू गेलं तरी यायचं, रेडिओवर भजन लागलं तरी यायचं. मी संडासात जाऊन नळ सोडून ठेवायचो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात धाकट्या मुलाचं लग्न होतं. मुलगी पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यातली. लग्न दुपारी लागलं, सगळं नीट पार पडलं. वराकडची पंगत बसली आणि मुलीचा बाप, माझा व्याही, स्वतः वाढायला आला. माझ्या पत्रावळीवर बुंदीचा लाडू ठेवून म्हणाला, "पोटभर जेवा भाऊ, लाजू नका."

एवढंच. आणि मला हुंदका फुटला. ओठ चावले, पाणी प्यालो, पण थांबेना. सत्तर-ऐंशी माणसांच्या पंगतीत नवरदेवाचा बाप पत्रावळीवर वाकून लेकरासारखा रडत होता.

कुणीतरी कुजबुजलं, "मानपानात कमी पडलं वाट्टे." व्याह्यानं हातातली परात खाली ठेवली, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या पायाशी वाकला.

"काई चुकलं का भाऊ? पोरीत काई खोट दिसली का? सांगा, पण असे रडू नका."

लेकीचा बाप सगळ्यांसमोर माझ्या पायाला हात लावत होता, आणि त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी त्याचे हात धरले, त्याला उठवलं आणि मांडवामागं बैलगाड्या सोडल्या होत्या तिकडं घेऊन गेलो.

"माहं ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं," मी म्हणालो. पुढचं बैलाकडं बघत सांगून टाकलं. "खालचं दोन्ही काढलं. तवापासून असं होऊन राह्यलं. मले आवरत नाई."

तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं,

"मंग माह्या पोरीचं काई नाई न?"

"नाई. पोरगी सोन्यासारखी हाय."

त्यानं मोठा श्वास सोडला. "चला मंग, जेवन राह्यलं तुमचं." आणि मांडवात शिरता शिरता मोठ्यानं ओरडला, "अरे, भाऊले मिरचीचा ठसका लागला, पानी आना!"

लोकांनी ते खरं मानलं की नाही, कोण जाणे. मी मान वर केलीच नाही.

पुढच्या तपासणीला बायको सोबत आली. मी गप्प बसलेला पाहून तिनंच डॉक्टरांना सांगितलं, "यायले रडू येते साहेब, कारन नसताना." माझे कान तापले. डॉक्टर मात्र सर्दी-खोकल्यासारखं बोलले. हे पुरुषी हार्मोन नुसतं कमरेखालचं काम करत नाही, रक्तातून मेंदूत जातं. भीती, राग, रडू जिथं सांभाळलं जातं त्या जागांना आपापल्या हार्मोनची सवय असते, बाईच्या मेंदूला तिच्या आणि पुरुषाच्या मेंदूला त्याच्या. पुरुषाच्या मेंदूत तर याच्यातूनच थोडं बायकांचं हार्मोनही तयार होतं. "बाईंचं हार्मोन पाळी जाताना हळूहळू ओसरलं. तुमचं एकदम बंद झालं. सगळ्यांनाच रडू येतं असं नाही, आणि आजाराची धास्तीही असतेच."

"जाईल का हे?" मी विचारलं.

"कमी होईल."

कमी झालं खरं. कारण कळलं म्हणून लाज मात्र गेली नाही. पहिल्या दिवाळीला सुनेला माहेरी पोचवायला मी थोरल्या मुलाला पाठवलं, पाय दुखतो म्हणून सांगितलं. संक्रांतीला व्याहीच आमच्याकडं आला. चहा घेताना त्यानं माझ्या तब्येतीबद्दल अवाक्षर काढलं नाही, धानाच्या पिकाबद्दल बोलत राहिला. मी हो हो म्हणत होतो. पण तो होता तोवर एकदाही मला त्याच्या डोळ्यांत पाहता आलं नाही.