नऊ दिवसांच्या एलिनरचं नाव

इंग्लंडात मेडनहेडजवळच्या आमच्या हॉलला सगळे अजून चर्चच म्हणतात. माणसं येईनाशी झाली म्हणून ते चर्च बंद पडलं, त्यालाही आता तीस वर्षं होतील. आता तिथे बॅडमिंटन चालतं, टॉडलर ग्रुप भरतो आणि शनिवारी आमची मराठी शाळा. मी तिथे बाराखडी शिकवते. साफसफाईला मधुमतीताई. मूळच्या चिपळूणच्या. मुलाकडे राहायला आल्या आणि "नुसतं बसून गंज चढेल" म्हणून हे काम धरलं.

हॉलच्या डाव्या कोपऱ्यात ब्रॅक्सम नावाच्या सरदार घराण्याची कबर आहे. संगमरवरी लॉर्ड आणि त्याची बायको शेजारी शेजारी उताणे झोपलेले, छातीवर हात जोडलेले. दोघांची नाकं सतराव्या शतकातल्या यादवीत सैनिकांनी उडवलेली. घराण्यातला शेवटचा मुलगा पहिल्या महायुद्धात गेला, मोठ्या घराची शाळा झाली. कबर मात्र कुणाला हलवता आली नाही. हे सगळं हॉलचे सेक्रेटरी मिस्टर प्रॅट सांगायचे आणि मी ताईंना मराठीत.

ताईंना लॉर्डाचं काही नव्हतं. त्याच्या पायाशी एक हातभर लांबीचं संगमरवरी बाळ होतं, कुंचीत गुंडाळल्यासारखं. त्याच्या वर भिंतीला पितळी पत्रा आणि पत्र्यावर काळी अक्षरं: एलिनर, नऊ दिवसांची, १६३१.

"नऊच?" ताईंनी विचारलं. "मग नाव कसं हो? बारसं तर बाराव्याला."

"त्यांच्यात लगेच बाप्तिस्मा करतात, ताई."

त्या फडकं हातात धरून उभ्या राहिल्या. "शहाणी माणसं. माझी पहिली आठव्या दिवशी गेली. सासूबाई म्हणाल्या, बारसंच नाही झालं, आता नाव कसलं?"

त्यानंतर धूळ पुसताना त्या हाकच मारायच्या. "एलिनरबाई, उठा, तोंड पुसू." वर्गातली तनू एकदा म्हणाली, "आजी, ही बाळ उठतच नाही." ताई म्हणाल्या, "तुझ्यासारखीच आहे, आळशी!"

२००६ च्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी फुटबॉलने लॉर्डाच्या बायकोच्या बाहीचा टवका उडाला. कमिटीने ठरवलं, कबर प्लायवूडने बंद करायची. प्रॅट म्हणत होते, रेलिंग पुरे. जुनी वस्तू, म्हणून परवानगी लागते. ती देणाऱ्या सरकारी ऑफिसरबाई सोमवारी बघायला येणार होत्या. नीट निगा राखलेली दिसली तर रेलिंग, नाहीतर प्लाय.

"नऊ दिवसांचं लेकरू खोक्यात कोंडणार?" ताई म्हणाल्या. "येऊ दे त्या बाईला. मी बघते."

सोमवारी दुभाषी म्हणून मी गेले. दारातूनच पत्रा चमकताना दिसला, गणपतीच्या आदल्या दिवशी समया चमकतात तसा. ताईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"काल येऊन चिंच लावली. चांगला घट्ट कोळ. देवांची भांडी दुसऱ्या कशाने निघतात का?"

ऑफिसरबाई गुडघ्यांवर बसल्या, टॉर्च लावला, जवळून बघितलं, लांबून बघितलं. पत्र्यावर काहीच वाचता येईना. अक्षरांच्या उथळ खाचांत तेव्हाचं काळं मेण भरलेलं होतं, ते चिंचेबरोबर घासून निघालं होतं. कोळ ओघळला होता तिथे बाळाचा गुळगुळीत गाल खरखरीत झाला होता.

"टॅमरिंड म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, फळ, आंबट. त्यांनी वहीत लिहिलं, ॲसिड. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्लाय ठरला. प्रॅट टोपी हातात घेऊन म्हणाले, "शी मेन्ट वेल."

"काय म्हणतात?" ताईंनी विचारलं.

"म्हणतात, तुमच्या मनात चांगलंच होतं."

"मनातलं कुणाला वाचता येतंय? नाव वाचता येत होतं."

चूक त्यांची होती असंही मला म्हणवेना आणि नव्हती असंही. चिंच मीही लावली असती.

आठवड्यात खोका बसला. ताईंना कामावरून कुणी काढलं नाही, कुणी बोललंही नाही. त्या कोपऱ्याशी आल्या की धूळ ओढणारा हूवर बंद करतात आणि तेवढी जागा हाताने झाडतात. हाक मारत नाहीत.

परवा शाळा सुटल्यावर मुलं गेली आणि त्या झाडू धरून खोक्यापाशी थांबल्या.

"एक विचारू? ती चिंच आत अजून खात असेल का हो दगडाला?"

"नाही हो ताई, पुसून घेतलं असेल त्यांनी," मी म्हटलं.

पुसलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं.