शेवटच्या पानावरची गर्दी

माझा मित्र गेल्या थंडीत गेला. त्याच्या मुलीने आमच्या चर्चच्या मंडळीच्या पत्रिकेसाठी त्याच्याबद्दल चार ओळी मागितल्या. मला लिहिण्याची सवय नाही. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं वाचली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की पहिल्या शब्दावरच पेन अडतं. तरी ‘कष्टाळू, मनमिळाऊ, देवभीरू’ असं काहीतरी खरडून दिलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण तो माणूस त्यात नव्हता, म्हणून पुन्हा बसलो आहे. जमेल की नाही माहीत नाही.

छापखान्यात त्याला सगळे बेडूक म्हणत. तो चित्रखात्यात होता आणि शाळेच्या पुस्तकांतल्या आकृत्या काढायचा. पोट फाडून चार टाचण्यांनी ताणलेला बेडूक, ज्याच्या खाली ‘भागांना नावे द्या’ असं असायचं, तो त्याचा. कानाचा पडदा, फुलाचा उभा छेद, दातांचे प्रकार, सगळं त्याचंच. सही कुठेच नाही. तो म्हणायचा, “माझा बेडूक जितक्या लोकांनी पाहिला तितकी राजाराणीची चित्रंही कुणी पाहिली नसतील. फक्त सगळ्यांनी घाबरून पाहिला.”

निवृत्त झाल्यावर तो मुलीकडे राहायला आला. बायको आधीच गेली होती. इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या, खालून सतत गरम कपड्यांचा वास. खिडकीशी टेबल टाकून त्याने काम सुरू केलं. आकृती नाही, गोष्ट. त्याला एका धर्मसुधारकाची चित्रकथा काढायची होती, कॉमिकसारखी, चौकटी-चौकटींची, पोरांना वाचता येईल अशी. नाव परकं आणि जिभेला जड, म्हणून आम्ही आपापसांत त्याला नुसतं ‘बिशप’ म्हणू लागलो.

हा बिशप साडेचारशे वर्षांपूर्वीचा. प्रार्थना विद्वानांच्या भाषेतून लोकांच्या बोलीत आणणारा. मग राज्य बदललं, नवी राणी जुन्या पंथाची निघाली, बिशप तुरुंगात गेला. तिथे घाबरून त्याने ‘मी चुकलो, मी सांगितलं ते सगळं खोटं’ अशा कागदांवर सह्या केल्या. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. तरीही त्याला जाळायचंच ठरलं. शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर त्या सह्या नाकारल्या आणि ज्या हाताने सह्या केल्या होत्या तो उजवा हात आधी आगीत धरला.

मी विचारलं होतं, “अरे, एवढे धीट सुधारक पडलेत, तू हा भित्रा कुठून शोधलास?”

“धीट माणसं मला काढता येत नाहीत,” तो म्हणाला. “चेहरा जमत नाही.”

तेव्हा मी हसलो. त्यामागे काय आहे ते मला ठाऊक असायला हवं होतं, पण मी तिकडे मन जाऊच दिलं नाही.

छापायला कुणी प्रकाशक तयार होईना. मुलगी कुरियरच्या कचेरीत कामाला, तिला या गोष्टी कळत. तिने इंटरनेटवर एक पान उघडलं. त्यावर चित्रांचे नमुने टाकायचे आणि लोकांकडून वर्गणी मागायची. नियम असा की चाळीस दिवसांत ठरलेली रक्कम पूर्ण झाली तर ती आपली. नाही झाली, तर ज्याचे त्याचे पैसे आपोआप परत. मधला मार्ग नाही. थोडी वर्गणी देणाऱ्याला पुस्तकाची एक प्रत. जास्त देणाऱ्याला प्रत, आणि शिवाय फोटो पाठवला तर पुस्तकातल्या गर्दीत त्याचा चेहरा.

ही चेहऱ्याची कल्पना मुलीची. बेडूक गडबडला. पुस्तकात गर्दी एकच होती, शेवटच्या पानावरची. बिशपला जाळताना बघायला जमलेली.

“पैसे मोजून कोण तिथे उभं राहील?” तो म्हणाला.

“बाबा, लोकांना पुस्तकात दिसण्याशी मतलब. कुठे उभं केलंय ते कोण बघतंय?”

पोरीचं खरं निघालं. फोटोंची रांग लागली. बहुतेक आमच्या मंडळीतलेच. दातांच्या डॉक्टरांना हातात भाला हवा होता. गायनवृंदातल्या जाड आवाजाच्या गृहस्थांना पुढची रांग हवी होती, पण धूर तोंडावर नको. पाळकांच्या पत्नीने कळवलं की फोटो जुना आहे, तरी तोच धरावा. बेडूक प्रत्येकाला मान देऊन बसवत होता, भागांना नावं दिल्यासारखा. मी रोज दुपारी जायचो. त्याच्या बिशपच्या तोंडची वाक्यं मीच तपासत होतो. इतका खुशीत मी त्याला नोकरीत कधी पाहिला नव्हता.

एकोणतिसाव्या दिवशी मुलीने फोन पुढे धरला. म्हणाली, हे आजोबा बघा, बाकी काही लिहिलेलं नाही, नुसता फोटो पाठवलाय, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, स्टुडिओत काढून घेतलेला दिसतोय.

बेडकाने पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. मग मी पाहिलं. जाड काचांचा चष्मा, बोडकं डोकं. ओळखायला मला डावी भुवई पुरली. ती मधोमध दुभंगलेली होती. कागद कापायच्या यंत्राचा दांडा लागून फुटली, तेव्हा मी तिथेच होतो. तो आमच्या छापखान्यातला बाईंडर.

आता ते सांगायलाच हवं. आमच्याकडे परीक्षांच्या प्रश्नपत्रिका छापल्या जात. एका वर्षी एक फुटली. वरून दडपण आलं, कुणाला तरी धरायचं होतं. मॅनेजरने आम्हा चौघांना एकेकाला खोलीत बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. बाईंडरला शर्टाखाली ती प्रश्नपत्रिका लपवताना आम्ही पाहिलं, असं त्यात होतं. आमच्यापैकी कुणीही काहीही पाहिलं नव्हतं. बाईंडर फटकळ होता, मॅनेजरच्या तोंडावर बोलायचा, एवढंच त्याचं चुकलं होतं. बेडकाची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. माझ्याकडे तेवढंही कारण नव्हतं. मॅनेजर म्हणाला, सही करा नाहीतर यादीत तुमचंही नाव चढेल. मी केली. बेडकाने केली. उरलेल्या दोघांतला एक आता हयात नाही, दुसऱ्याला घरचेही ओळखू येत नाहीत.

खटला चार वर्षं चालला. आमची जबानी कोर्टात नावांसकट वाचली गेली. शेवटी पुराव्याअभावी तो सुटला, पण कुठल्याही छापखान्याने त्याला दारात उभं केलं नाही. लग्न ठरलेलं होतं, मोडलं. तो दुसऱ्या गावी बहिणीकडे गेला आणि गोण्या शिवायच्या कारखान्यात लागला. एवढं आमच्या कानावर होतं. एकतीस वर्षांत आम्ही दोघे याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

तीन दिवस बेडकाने काही काढलं नाही. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा बाईंडर पानावर आलेला होता. पहिल्या रांगेत, चितेपासून हातभर अंतरावर. दगड नाही, भाला नाही, डोळ्यांत पाणी नाही. हात बाजूला सोडून नुसता बघतोय.

मी म्हणालो की याला जाळणाऱ्यांच्यात उभं करणं बरं दिसत नाही, बिशपच्या बाजूला कुठेतरी घे.

“बिशपने सही केली होती,” तो म्हणाला. “याने नाही. हा बघायला आलाय. त्याचा हक्क आहे.”

त्याच दिवशी त्याने मुलीला सगळं सांगितलं, आणि सांगितलं की हे त्या इंटरनेटच्या पानावर लिहायचं, वर्गणी दिलेल्या सगळ्यांना कळेल असं. मुलगी आधी समजुतीने बोलली, मग रडली. दहा हिस्स्यांतले नऊ जमले आहेत बाबा, आठवडा राहिलाय, पुस्तक होऊ दे, मग लिहा. तो म्हणाला, लोक बिशपच्या सहीसाठी पैसे देतायत आणि काढणाऱ्याची सही लपवायची, हे त्याला जमायचं नाही. ती म्हणाली, “आणि माझ्यासाठी केलं असं कुठे लिहू नका. मला ते ओझं नको.”

“तुझ्यासाठी नव्हतंच,” तो म्हणाला. “मी घाबरलो होतो.”

मग त्याने मजकूर माझ्याकडे तपासायला दिला. पानभर होता. चूक एकही नव्हती. मी उगाच दोनदा वाचला.

“तुझं नाव घालू?” त्याने विचारलं.

माझी सून मंडळीत शिकवते. नातवाचं लग्न ठरत होतं. हे मी त्याला सांगत बसलो. शेवटी म्हणालो, “मला सोड.”

“बरं,” तो म्हणाला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. त्याने चिडावं असं मला वाटत होतं.

मजकूर इंटरनेटवर गेला आणि तिसऱ्या दिवसापासून वर्गण्या मागे घेतल्या जाऊ लागल्या. पाळक घरी येऊन गेले. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले की पुस्तक एका हुतात्म्याचं आहे, त्यात आपलं धुणं चव्हाट्यावर आणायचं कारण नव्हतं. पश्चात्ताप देवापुढे करायचा असतो, इंटरनेटवर नाही. बेडूक म्हणाला, “देवाला मी एकतीस वर्षं सांगतोय. तो बाईंडरला कळवत नाही.” पाळकांना ते आवडलं नाही.

मग फोन यायला लागले. पैसे घेतले मागे, पण आमचं तोंडही काढून टाका. डॉक्टरांचा आला, गायनवृंदाचा आला. छापलं जाणारच नसलेल्या पानावरून चेहरे पुसायचे, याचं मला हसू आलं असतं, पण बेडूक ते करत होता. बारीक कुंचल्याने, पांढऱ्या रंगाने, एकेक करून. डॉक्टर गेले, भाला हवेत राहिला, मग भालाही गेला. “त्यांची इच्छा आहे ना,” एवढंच म्हणायचा. चाळिसावा दिवस उजाडला तेव्हा जमलेली रक्कम निम्म्यावर आली होती. राहिलेल्यांचे पैसे आपोआप परत गेले. पानावर सहा माणसं उरली. त्यांत बाईंडर.

ते पान घेऊन आम्ही दोघे बसने त्याच्या गावी गेलो. बहिणीने दार उघडलं. तो पलंगावर बसून हाताने एका वहीचे टाके उसवत होता. मान वर केली आणि म्हणाला, “ये बेडका.” जणू कालच खात्यातून उठून गेला होता.

बेडूक उभाच राहिला. त्याने काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं. पण तो तोंड उघडायच्या आत बाईंडर म्हणाला की वाचलंय, भाचीने वाचून दाखवलंय, बस. आणि पानासाठी हात पुढे केला.

त्याने चित्र बघायच्या आधी कागद बघितला. अंगठ्याने कड दाबली, कोपरा किंचित वाकवून सोडला. “कागद उलट्या बाजूने कापलाय. घडीवर फुटला असता.” मग चष्मा पुसून चित्राकडे वळला. बराच वेळ बघत राहिला.

“एवढ्या मोठ्या माणसाला जाळतायत आणि बघायला सहाच जण?”

“बाकीचे गेले,” बेडूक म्हणाला.

“का गेले तेही वाचलं.” त्याने पान मांडीवर ठेवलं. आवाज चढवला नाही. “मी पैसे का भरले माहितीये? लाखभर पुस्तकं शिवली असतील मी. एकातही मी नाही. माझं नाव छापून आलं ते फक्त पेपरात, चोर म्हणून. म्हटलं, एका पुस्तकात नीट उभा राहीन. कुणाला कळलं नसतं. मला कळलं असतं. तुला मोकळं व्हायचं होतं, झालास. माझं पुस्तक गेलं.”

बेडूक आता खाली बसला.

“माफी पुस्तक झाल्यावर मागायचीस. एकतीस वर्षं थांबलो होतो. आणखी दोन महिने काय जड होते?”

मग तो माझ्याकडे वळला. “आणि हा कशाला आलाय?”

“सोबतीला,” बेडूक म्हणाला.

“सोबतीला,” बाईंडर म्हणाला आणि हसला. चारही नावं त्याने कोर्टात ऐकली होती. मी खाली बघत होतो. फरशीवर दोऱ्याचे तुकडे पडले होते.

पान त्याने ठेवून घेतलं नाही. म्हणाला, सुटं पान घेऊन काय करू, भिंतीला लावू? बेडूक म्हणाला, पुस्तक मी पुन्हा करतो. “कर,” तो म्हणाला आणि परत टाके उसवायला लागला.

बेडकाने खरोखर पुन्हा सुरू केलं. नवा कागद, योग्य बाजूने कापलेला. या वेळी फोटो नव्हते, मनातलेच चेहरे. पण हात आधीसारखा चालेना, एकेका चेहऱ्याला आठवडा लागायचा. मुलीने पुन्हा वर्गणीचं पान उघडायची तयारी दाखवली. तो म्हणाला, आधी गर्दी होऊ दे. थंडीत छातीत कफ भरला, दवाखान्यात नऊ दिवस काढले आणि गेला. गर्दीत अकरा माणसं झाली होती. बिशपचा चेहरा कोराच होता.

बाईंडरच्या बहिणीला मुलीने कळवलं. उलट निरोप आला की भाऊ विचारतोय, पुस्तकाचं काय झालं. मुलीने तो निरोप मला सांगितला आणि माझ्याकडे बघत राहिली.

त्या कागदावरची तिसरी सही माझी. मी काही पाहिलं नव्हतं. हे लिहून झालं की त्याची एक प्रत बाईंडरला पाठवणार आहे. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे, हे काही पुस्तक नाही. पाकिटावर पत्ता घालून झालाय. पोस्टात अजून टाकलेलं नाही.