साधा कवला

निडीच्या एक मावशी पेणच्या बाजारात रानभाजी विकायला बसायच्या. मी दर पावसाळ्यात त्यांच्याकडून कवला घ्यायची. एका वर्षी जून झालेल्या जुडीत एक फूल निघालं. पिवळ्या पाकळीच्या तळाशी दोन लाल ठिपके. मी शाळेत विज्ञान शिकवते, रानफुलांचा नाद जुना. पण कवल्याला असे ठिपके मी कधी पाहिले नव्हते.

पुस्तक काढलं. ठिपक्यांचा एक वेगळा कवला होता, अगदी मोजक्या माळांवर सापडणारा. पुढे मात्र ताकीद होती: साध्या कवल्यालाही असे ठिपके येतात, खात्री शेंगेवरूनच करावी. कवल्याची शेंग फुलाच्या सुकलेल्या पेल्यात घडी घालून बसलेली असते. साध्याच्या शेंगेला पाच-सहा खरखरीत मणी, दुर्मिळाच्या शेंगेला दोन-तीनच आणि गुळगुळीत.

पुढच्या बाजाराला मावशींना हे सांगितलं. त्यांनी जुड्या बांधायच्या थांबवल्या.

"हा कवला येतो तो माळ जानार हाय गो. मालकानं मुरमाला दिलाय. दिवाळीनंतर मशीन येनार."

त्या माळावर त्यांची भाजी, शेळ्यांचा चारा, सरपण. मी विचार न करता बोलून गेले, "दुर्मीळ निघाला तर तहसीलदारांकडे अर्ज करू, मावशी. काम थांबवता येईल."

त्यांनी ते धरून ठेवलं. ठिपक्यांच्या झाडांभोवती काटेरी फांद्या रोवल्या, शेळ्या दुसरीकडे वळवल्या. मी दर रविवारी सकाळच्या गाडीनं निडीला उतरायची आणि त्या स्टेशनाबाहेर वाट बघत उभ्या असायच्या. माळावर मी झाडाशी वाकले, की त्या विचारायच्या,

"आली काय शेंग?"

"आली, पण अजून कोवळी आहे."

मण्यांचा हिशेब मी त्यांना समजावून दिला होता. तो त्यांनी आळीतल्या बायकांना शिकवला. एका रविवारी माळावर पाच-सहा जणी आल्या, नुसतं झाड बघायला.

दसऱ्यानंतर पेले तपकिरी झाले. मी दगडावर रुमाल पसरला, सुईनं पेला उघडला, शेंगेची घडी सोडवली आणि भिंग धरलं. मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. भिंगाशिवायही मोजता येत होतं.

"सहा हायत," त्याच आधी म्हणाल्या.

मी बोट फिरवलं. खरखरीत.

"दुसरी बघ."

दुसरी पाहिली, मग दुसऱ्या झाडाची, मग कुंपणातल्या प्रत्येक झाडाची. ऊन कलेपर्यंत आम्ही शेंगा उघडत होतो. कुठे पाच, कुठे सहा. गुळगुळीत एकही नाही.

"म्हंजे साधाच."

"हो."

त्यांनी रुमालावरची एक शेंग उचलून चिमटीत धरली. मग म्हणाल्या, "लाल ठिपके तर खरे हायत ना? तेवढंच लिव. शेंगेचं नको लिवूस."

"तसं नाही लिहिता येत, मावशी."

"तिथं बसून कोन शेंग उघडनार हाय?"

मी रुमाल झटकला आणि भिंग पिशवीत ठेवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी अर्ज केला. माळावर कोणत्या रानभाज्या येतात, किती घरं त्यावर चालतात, सगळं लिहिलं. कवला साधा आहे, हेही लिहिलं. उत्तर आलं नाही. दिवाळी झाली आणि मशीन आलं. डिसेंबरात एकदा गाडीतून पाहिलं, तेव्हा माळाच्या जागी तांबडा खड्डा होता. मी उतरले नाही.

पुढच्या पावसाळ्यात मावशी बाजारात दिसल्या नाहीत. श्रावणात त्यांच्या घरी गेले. त्या ओटीवर बसल्या होत्या, हात रिकामे. शेळ्या विकल्या होत्या. लेकाला कंपनीत कंत्राटावर शिफ्ट मिळाली होती. त्यांनी चहा केला, माझ्या शाळेची चौकशी केली. कवल्याचं नावही काढलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "माझं चुकलं, मावशी. मी तुम्हाला आशा लावायला नको होती."

"तू काय केलंस गो," त्या कप उचलत म्हणाल्या, "नुसतं मोजलंस."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी पुन्हा गेले असते.