सावर्ड्याच्या प्रयोगातला शेवट

आमच्या हौशी नाट्यमंडळाने मध्यंतरी एक शोकांतिका बसवली होती. बोटीवर खलाशी म्हणून गेलेला मुलगा बुडतो आणि आई मागे राहते, एवढीच गोष्ट. आई मी होते. दिवसा रत्नागिरीतल्या एका शाळेत मराठी शिकवायचं आणि संध्याकाळी तालमीला जायचं, हे माझं बरीच वर्षं चाललेलं आहे.

नाटकाचा शेवट काही केल्या जमत नव्हता. प्रेत अंगणात आणतात, आई हंबरडा फोडते, पडदा. दिग्दर्शक माझ्याहून लहान, बँकेत नोकरीला आहे. तो वैतागून म्हणाला, "ताई, असलं रडणं लोकांनी शंभरदा बघितलंय. बोलू नका, ओरडू नका. नुसतं काहीतरी करा."

मी मुलाच्या उशाशी बसले. पदराचं टोक बोटाभोवती पिळलं आणि त्याच्या कानातली वाळू काढली. आधी एका कानातली, मग डोकं हलकेच वळवून दुसऱ्या कानातली. तालमीच्या खोलीत कुणी हललं नाही. प्रॉम्प्टिंग करणारी मुलगी तोंडावर हात धरून बाहेर गेली.

"कुठून सुचलं हे?" दिग्दर्शकाने विचारलं.

"सुचलं," मी म्हटलं.

सुचलं नव्हतं, पाहिलं होतं. आमच्या शेजारच्या भाभींचा मुलगा मच्छीमारी बोटीवर जायचा. माझ्याच हाताखाली शिकलेला, निबंधात फक्त माशांबद्दल लिहिणारा. बोट वादळात सापडली आणि दुसऱ्या दिवशी तो वेळणेश्वरच्या किनाऱ्याला लागला. त्याचे वडील मस्कतला, त्यांना विमान मिळेना. त्याला घरी आणलं तेव्हा भाभी रडल्या नाहीत. त्याच्याजवळ बसल्या आणि ओढणीच्या टोकाने त्याच्या कानातली वाळू काढू लागल्या. मी दारात उभी होते. मग पुरुष मंडळी त्याला आंघोळ घालायला घेऊन गेली आणि मी घरी आले. त्या घरातून मी काय उचलून आणलंय, ते तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं.

पहिला प्रयोग रत्नागिरीत झाला. शेवटच्या प्रसंगाला सगळं नाट्यगृह हुंदके देत होतं. पडदा पडल्यावर बायका आत येऊन माझे हात धरत होत्या. "किती मोकळं वाटलं हो," एक जण म्हणाली. दिग्दर्शक खूश होता. शोकांतिकेने माणसाचं मन धुऊन निघतं, असं तो नेहमी म्हणायचा, आणि त्या दिवशी त्याला ते डोळ्यांनी दिसलं होतं.

मला मात्र नमस्काराला वाकताना तिसऱ्या रांगेत भाभी दिसल्या होत्या. मी त्यांना नाटकाबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. त्यांच्या मुलीने पोस्टरवर माझा फोटो पाहून त्यांना आणलं होतं, हे नंतर कळलं. आत येऊन मला न भेटताच त्या निघून गेल्या.

त्यानंतर मी त्यांना टाळू लागले. त्यांच्या अंगणातून चाहूल लागली की मागच्या दाराने बाहेर पडायचे. एकदा बाजारात त्या समोरून येताना दिसल्या, तर मी नको असलेल्या दुकानात शिरले. ज्या बाईच्या घरी मी तिच्या मुलाच्या मयताला गेले, तिचं दुःख तिला न विचारता मंचावर मांडलं आणि वर टाळ्या घेतल्या, हे मनातून जात नव्हतं.

दुसरा प्रयोग सावर्ड्याला माघी गणपतीच्या उत्सवात ठरला. उत्सवाच्या मंडळींना रडकं नाटक नको होतं. मी ती संधी धरली. दिग्दर्शकाला म्हटलं, "शेवट बदलू. मुलगा परत येतो असं करू."

"अहो, मग शोकांतिका कसली राहिली?"

"लोक जड मनाने घरी जातात रे."

"जड नाही, हलके होऊन जातात. तुम्हीच बघितलंत ना!"

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. हट्टच धरला. शेवटी त्याने नवा प्रसंग लिहिला: बोट बुडाल्याची बातमी खोटी ठरते, मुलगा दारात उभा राहतो, आई त्याला मिठी मारते. मला वाटलं, आपण भाभींचं होतं ते परत ठेवून दिलं.

सावर्ड्याला मांडवामागे मी मेकअप करून बसले होते. प्रयोगाची घंटा व्हायची होती. तेवढ्यात कनात सारून भाभी आत आल्या. बरोबर त्यांची जाऊ होती. ती सावर्ड्यातच राहते, तिच्या नवऱ्याचं तिथे दुकान आहे.

मी उभी राहिले. 

"बाई, तुम्ही भेटतच नाय हल्ली," त्या म्हणाल्या. "हिला घेऊन आलेय. म्हटलं, तू पण बघ."

"भाभी, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "माझी एकाच कानातली वाळू काढून झालेली. तेवढ्यात त्याला उचलून नेलं. लोक सांगतात, आंघोळीत सगळं साफ झालं असेल. असेल. पण मी नाय ना काढली. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या कानातली काढलीत, तेव्हा मला रडू आलं. तो गेल्यापासून पहिल्यांदा. घरी जाऊन झोपले बघा मी."

घंटा झाली. त्या पुढे जाऊन बसल्या. मी धावत दिग्दर्शकाकडे गेले. "जुना शेवट करू."

"आता? ताई, म्युझिक बदललंय, लाईट बदललेत. पोरगा फाटके कपडे घालून विंगेत उभा आहे. काय झालंय तुम्हाला?"

मी सांगू लागले, तेवढ्यात पडदा उघडला.

अख्खं नाटक मी कसं केलं ते आठवत नाही. शेवटी मुलगा दारात उभा राहिला आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी त्याला मिठी मारली. पुढे पाहिलं तर भाभी मान उंच करून वाट बघत होत्या. काहीतरी केलंच पाहिजे म्हणून मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्या धडधाकट, हसऱ्या मुलाच्या कानात घातलं. तो दचकून उडाला. सगळा मांडव हसला. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. पडदा पडला.

भाभी मागे भेटायला आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्या सावर्ड्याहून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी चहा टाकला. मी सगळं सांगितलं, शेवट कुणी बदलायला लावला तेही.

"माझ्यासाठी बदललात?" त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी चहा कपात ओतला. "बाई, पहिल्यात तो मेला. मग मी पण म्हटलं, गेला. कालच्यात तो आला. काल जावेकडे मी दाराला कडी लावू दिली नाय. ती रागावली माझ्यावर."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." त्यांनीच माझी समजूत काढावी, याची मला जास्त लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मी दिग्दर्शकाला सारं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना विचारा, चालत असेल तर जुनाच शेवट करू. नसेल तर नाटक बंद." भाभी म्हणाल्या, "करा. पण मला आधी कळवा."

त्यानंतर मी आई केली नाही. माझी भूमिका आमच्यातल्या एका तरुण मुलीने घेतली, आणि ती चांगली करते. प्रयोग जवळपास असला की मी भाभींना घेऊन जाते. शेवटच्या प्रसंगाला त्या रडतात, आजूबाजूची माणसं रडतात, आणि नंतर बाहेर पडताना सगळ्यांचे चेहरे उजळलेले असतात. मी मात्र मंचाकडे बघूच शकत नाही. परतीच्या वाटेवर भाभी घरच्या गोष्टी बोलत असतात, मुलीच्या लग्नाच्या, मस्कतच्या फोनच्या. मी हूं हूं करते. आपण कुणाचं काय घेतलं आणि त्यात किती ढवळाढवळ केली, याचा विचार डोक्यात चालू असतो, आणि तो अजून संपलेला नाही.